लघवीची नळी पुन्हा पुन्हा तुंबते, नाहीतर बाजूने गळते: नवी टाकण्याआधी काय पाहायचं

"सिस्टर, पिशवीत काहीच उतरून नाही राहिलं, अन् गादी पार ओली झाली. नळीच खराब निघाली वाटते."

यवतमाळकडच्या खेड्यांत घरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या कोणत्याही नर्सला हा फोन नवा नाही. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेले काकाजी, लकव्याने बाजेवर पडलेली आजी, झाडावरून पडून कमरेखाली जीव नसलेला तिशीतला पोरगा. तिघांच्याही घरी गोष्ट एकच: नळी टाकली, दोन-तीन आठवडे बरी चालली, मग बंद. तालुक्याला नेलं, बदलली, पुन्हा बंद. दर खेपेला ऑटोचं भाडं, एका माणसाची मजुरी आणि म्हाताऱ्याचे हाल.

दर वेळी दोष नळीवर जातो. नळी क्वचितच खराब असते. ती का बंद पडली हे न पाहता नुसती बदलली, तर पुढची नळीही जवळपास त्याच मुदतीत बंद पडणार. हे शोधणं फार अवघड नाही. घरच्या माणसाने थोडं पाहिलं आणि नळी बदलणाऱ्याने थोडं थांबून बघितलं की बऱ्याचदा कारण सापडतं.

आधी हे, कारण यात वाट पाहायची नसते

नळी बंद आहे आणि सोबत थंडी वाजून ताप आहे, माणूस बरळतो आहे किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपाळलेला आहे, पिशवीत लाल रक्त किंवा रक्ताच्या गाठी आहेत, बेंबीखाली पोट ताठ होऊन दुखतं आहे, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जे वाहन मिळेल त्याने निघा.

मणक्याला मार लागलेल्या रुग्णांचं वेगळं सांगायला हवं, कारण हे गावात फारसं कुणाला माहीत नसतं. मार छातीच्या मधल्या भागात किंवा त्याच्या वर, मानेपर्यंत असेल तर तुंबलेल्या मूत्राशयाने त्याचा रक्तदाब एकदम चढतो. त्याला पोटात दुखत नाही, कारण खालची जाणीवच नसते. दुखतं ते डोकं, फुटल्यासारखं. चेहरा लाल होतो, मानेवर, कपाळावर घाम फुटतो. घरचे म्हणतात ऊन लागलं, आणि कांदा फोडून हुंगवतात. अशा वेळी त्याला लगेच उठवून बसवा, पाय खाली सोडा, कमरेचा नाडा-पट्टा सैल करा आणि नळी कुठे दबली आहे का ते पाहा. मोकळी झाली नाही तर ती तातडीने बदलायला हवी. रक्तदाबाची गोळी देऊन सकाळची वाट पाहण्यातला हा प्रकार नाही, याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पिशवीपासून वर चला

बाकीच्यांसाठी तपासणी खालून सुरू करा. पिशवी भरली आहे का? आपल्याकडे मिळणारी पिशवी बहुतेक दोन लिटरची असते, पण ती काठोकाठ भरू द्यायची नसते. दोन-तृतीयांश झाली की रिकामी करायची. पिशवी कुठे टांगली आहे? बाजेच्या दोरीला, मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकता, ही बरोबर जागा. खिडकीच्या गजाला किंवा सलाईनच्या स्टँडला उंच टांगलेली पिशवी अजूनही दिसते. "वरून टांगली की नीट दिसते," म्हणतात. लघवी चढ चढत नाही.

मग नळीवरून बोट फिरवत वर जा. मांडीखाली दबली आहे का, धोतराच्या गाठीत किंवा लुगड्याच्या घोळात अडकली आहे का, बाजेच्या दोरीच्या पिळात शिरून मुडपली आहे का. पिशवीच्या नळीत पांढरा गाळ अडकलेला दिसला तर ती नळी बाहेरून बोटांनी हलकेच चोळून, दाबत गाळ खाली सरकवा. रुग्णाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवा, जमत असेल तर बसवा. कधी कधी नळीच्या टोकाचं छिद्र मूत्राशयाच्या भिंतीला चिकटलेलं असतं आणि एवढ्यानेच धार लागते.

यानंतर बेंबीखाली हात ठेवून पाहा. पोट तिथे भरलेलं, घट्ट लागतं आणि दाबल्यावर रुग्ण तोंड वाकडं करतो, म्हणजे लघवी आत आहे आणि वाट बंद आहे. पोट मऊ, रिकामं लागतं, तर नळी मोकळीही असेल आणि लघवीच तयार होत नसेल. पन्नास किलोच्या माणसाला सहा तासांत साधारण दीडशे मिलीपेक्षा कमी लघवी होत असेल तर ती काळजीची गोष्ट आहे. उन्हाळ्यात हे फार दिसतं. जुलाब-उलट्या झाल्या असतील, दिवसभरात पेलाभर पाणी पोटात गेलं असेल, तर नळी बदलून काही होणार नाही. पाणी हवं, आणि तरीही उतरत नसेल तर दवाखाना.

काय करायचं नाही तेही सांगते, कारण हे सगळे उपाय कुणी ना कुणी करून बसलेलं असतं. नळीत तार किंवा काडी घालायची नाही. तोंडाने फुंकायचं नाही. नळी आणि पिशवीचा जोड उगाच उघडायचा नाही, प्रत्येक उघडण्याबरोबर जंतू आत जातात. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाशी पाण्याने भरलेला छोटा फुगा असतो; त्यातलं पाणी न काढता नळी ओढायची नाही. फुग्यातलं पाणी निघत नाही म्हणून बाहेरचं, पाणी भरायचं तोंड ब्लेडने कापायचं नाही. आणि सलाईन सिरिंजने जोर लावून आत मारायचं नाही. धुण्याचं काम शिकलेल्या हातांचं आहे, आणि तेही रक्ताची गाठ अडकली असेल तेव्हा. दर आठवड्याला नियमाने धुतल्याने नळी जास्त टिकते असं दिसलेलं नाही.

काढलेली नळी फेकू नका

कारण शोधायची खरी जागा इथे आहे. नळी काढली की ती सरळ कचऱ्यात जाते, आणि सगळा पुरावा तिच्यासोबत जातो. बदलणाऱ्याला सांगा, "जरा थांबा, पाहू द्या." हातमोजे घालून नळीचं टोक, म्हणजे फुगा आणि छिद्राचा भाग, दोन बोटांत धरून हलकेच फिरवायचं.

बोटांना वाळूसारखं करकरलं, तर आत क्षारांचं कवच आहे. पांढरा, शेंबडासारखा चिकट गाळ निघाला, तर ती मूत्राशयाची सुटलेली साल आणि जंतूंचा साका. काळपट-लाल गाठ असेल तर रक्त, आणि ते कुठून येतं हे शोधायला हवं. टोक स्वच्छ, आतून मोकळं निघालं, तर नळी तुंबलीच नव्हती: ती मुडपली होती, भिंतीला चिकटली होती, किंवा मूत्राशय आखडत होतं. चार शक्यता, आणि चारींचे उपाय वेगवेगळे.

यात करकरणारी नळी सगळ्यात जास्त त्रास देते. कायमची नळी असलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना कधी ना कधी हा प्रकार होतो. ज्यांना होतो त्यांना परत परत होतो.

यामागे बहुधा प्रोटियस जातीचे जंतू असतात. लघवीत युरिया असतो. या जंतूंकडे युरिया फोडून अमोनिया करणारं विकर (एन्झाइम) असतं. अमोनिया झाला की लघवी आम्ल न राहता अल्कधर्मी होते, आणि तिच्यात विरघळलेलं मॅग्नेशियम, कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपाने बाहेर पडून नळीला चिकटतं. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळ्यांची छिद्रं क्षाराने बुजतात, ते ज्याने पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. फरक इतकाच की ठिबकमधला क्षार विहिरीच्या पाण्यातून येतो, आणि हा क्षार जंतूंनी लघवी बिघडवल्यामुळे बसतो. खारपाणपट्ट्यातली माणसं, अकोल्याकडची विशेषतः, मला हमखास म्हणतात की आमचं पाणीच असं. पाण्यावर ढकलून मोकळं होऊ नका. गोड्या पाण्याच्या गावातही प्रोटियस असला की नळी करकरते. आणि ठिबक ॲसिडने धुतात, तसा प्रयोग माणसावर कुणी करू नये, हे लिहावं लागू नये, पण लिहून ठेवते.

अशा रुग्णाच्या लघवीला अमोनियाचा उग्र दर्प असतो, जनावरांच्या गोठ्यात येतो तसला. लिटमस कागद मिळाला तर ताज्या लघवीत बुडवून पाहता येतं: लाल कागद निळा झाला तर लघवी अल्कधर्मी आहे.

आणि एक. दोन-तीन वेळा लागोपाठ करकरणारी नळी निघाली, तर सोनोग्राफी करून मूत्राशयात खडा आहे का ते पाहून घ्या. फुग्यावरचं कवच नळी काढताना फुटून आत राहतं, त्याभोवती खडा वाढतो, आणि त्या खड्यात प्रोटियस सुखाने राहतो. खडा आत असेपर्यंत तुम्ही कितीही महागडी नळी टाका, ती तुंबणारच.

कॅलेंडरवर तारीख

भिंतीवरच्या कॅलेंडरवर नळी टाकल्याची तारीख लिहा, तुंबल्याची लिहा. तीन नळ्यांचा हिशोब झाला की त्या माणसाची मुदत समजते. समजा एकदा अठराव्या दिवशी तुंबली, एकदा एकविसाव्या, एकदा सतराव्या. मग त्याची नळी चौदाव्या दिवशी, चालू असतानाच, दिवसा, बाजाराच्या दिवशी गाडी मिळते तेव्हा बदलायची. नळीच्या पाकिटावर किती आठवडे चालेल ते लिहिलेलं असतं: साध्या लॅटेक्सच्या साधारण चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनच्या बारा आठवड्यांपर्यंत. ती जास्तीत जास्त मर्यादा आहे. करकरणाऱ्या रुग्णाला ती लागू नाही. त्याचं वेळापत्रक त्याच्या कॅलेंडरवर आहे.

एवढ्याने रात्री दोनचे फोन कमी होतात. औषधाने होत नाहीत तितके.

औषधावरून आठवलं. नळी तुंबली की लघवीची तपासणी होते, जंतू निघतात, आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिकची चिठ्ठी मिळते. महिनाभर नळी असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू निघतातच. ते नळीच्या आतल्या बाजूला चिकट थर करून राहतात, तिथे गोळीचा पुरेसा मारा पोचत नाही. ताप, थंडी, कंबरेच्या वर पाठीत दुखणं, अचानक बरळणं असं काही नसेल तर नुसत्या रिपोर्टवर गोळ्या घेऊन फक्त पुढचे जंतू जास्त चिवट होतात. खरोखर ताप असेल तर औषध हवंच, आणि नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून, नव्या नळीतून नमुना घ्यायचा. पिशवीतून घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही, तिथे दिवसभरात जंतूंची जत्रा भरलेली असते.

बाजूने गळते तेव्हा

गळणं आणि तुंबणं वेगळं. नळी तुंबल्याने बाजूने गळू शकतं, म्हणून आधी पिशवीत उतरतं का ते पाहा. पिशवीतही येतं आणि बाजूनेही गळतं, तर मूत्राशय आखडतं आहे. आत एक परकी वस्तू आहे, ती बाहेर ढकलायला मूत्राशय कळा काढतं आणि त्या जोराने लघवी नळीच्या बाहेरून निघते.

इथे सगळीकडे जो उपाय होतो तो उलटा आहे: "नळी बारीक पडली, मोठी टाका." १४ च्या जागी १८, मग २०, मग २२. फुग्यात १० मिलीऐवजी ३० मिली पाणी. जितकी मोठी नळी आणि फुगा, तितकं मूत्राशय जास्त चिडतं, तितकं जास्त गळतं. बाईच्या बाबतीत मोठी नळी लघवीची वाटच सैल करून टाकते, आणि मग काहीच बसत नाही. नळीचा नंबर भागिले तीन म्हणजे तिची बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये. १८ नंबर म्हणजे ६ मिलिमीटर. रक्ताच्या गाठी नसतील तर बहुतेक मोठ्या माणसांना १४ किंवा १६ पुरते. पाकीट हरवलं असेल तरी फुग्याच्या तोंडाचा रंग पाहा: १४ हिरवा, १६ नारंगी, १८ लाल.

मग काय करायचं? पहिला प्रश्न: शौचाला कधी झालं? हा प्रश्न विचारला की घरात शांतता पसरते, कारण चार-पाच दिवस झालेले असतात आणि कुणी मोजलेले नसतात. भरलेलं आतडं शेजारून मूत्राशयाला आणि नळीला दाबतं. पोट साफ झालं आणि गळणं थांबलं, असं इतक्यांदा होतं की मी इतर काही करण्याआधी तेच पाहते.

दुसरं, नळी मांडीला बांधली आहे का. लोंबती नळी प्रत्येक कूस बदलताना आतला फुगा ओढते. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्टी राहत नाही आणि कातडी सोलते, तेव्हा मऊ सुती उपरण्याची रुंद पट्टी मांडीभोवती सैलसर बांधून नळी तिच्यात अडकवा, ताण न देता. तिसरं, फुगा. तो १० मिलीचा असेल तर १० मिली, आणि निर्जंतुक पाण्याने. सलाईनचं मीठ फुग्याच्या बारीक वाटेत जमून काढायच्या वेळी फुगा रिकामा होत नाही. सिलिकॉनच्या फुग्यातलं पाणी हळूहळू झिरपून कमी होतं, त्यामुळे "नळी आपोआप निघून आली" ही तक्रार बहुधा सिलिकॉनवाल्यांची असते.

हे सगळं पाहूनही गळत असेल तर डॉक्टर मूत्राशय शांत करणारी गोळी देतात, ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनसारखी. ती मेडिकलमधून परस्पर आणू नका. तिने तोंड कोरडं पडतं, शौच आणखी अडतं, म्हातारी माणसं गोंधळतात, आणि काचबिंदू असेल तर धोका आहे.

नळीवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, लॅटेक्स त्याने सडतं. जादा नळी आणून टिनाच्या घरात, वर फळीवर ठेवायची नाही. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या वर जातो, टिनाखाली तर विचारू नका. तिथे लॅटेक्स चिकट, ठिसूळ होतं. माठाजवळच्या सावलीतल्या कोनाड्यात, कोरड्या डब्यात बंद पाकीट ठेवा.

पाणी का पीत नाहीत

लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी, हृदयाची किंवा किडनीची बंधनं नसतील तर दिवसाला दोन-अडीच लिटर, उन्हाळ्यात जास्त. हे सगळ्यांना माहीत आहे. तरी पिशवीत चहाच्या रंगाची लघवी दिसते. कारण पिशवी सून रिकामी करते, आणि सासऱ्याला त्याची लाज वाटते. कमी प्यायलो तर कमी वेळा पिशवी उघडावी लागेल, असा त्यांचा सरळ हिशोब असतो. त्यावर उपदेश करून उपयोग नाही. पिशवी रिकामी करायचं काम मुलाकडे किंवा नातवाकडे दिलं की पाणी वाढलेलं मी पाहिलं आहे.

प्रोटियसवाल्यांना लिंबूपाणी चांगलं. लिंबातलं सायट्रेट लघवीत उतरलं की क्षार बसायला वेळ लागतो, पण सोबत भरपूर पाणी हवं. साखरेच्या रुग्णाला बिनसाखरेचं. किडनीच्या रुग्णाने विचारल्याशिवाय नको.

पिशवी एखाद दिवशी जांभळी झाली तर घाबरू नका, आणि उताराही टाकू नका. बद्धकोष्ठ असलेल्यांच्या लघवीतला एक पदार्थ जंतू फोडतात, त्यातून निळा आणि लाल रंग तयार होतो आणि प्लॅस्टिक रंगतं. पिशवी-नळी बदला, शौच साफ करा, ताप आहे का ते पाहा.

नळी अजून हवी आहे का

"तात्पुरती टाकली होती," असं म्हणतात, आणि पुढचा पोळा आला तरी ती आतच असते. कुणी विचारत नाही म्हणून. प्रोस्टेटसाठी टाकली असेल तर काही दिवस गोळी देऊन, नळी काढून लघवी होते का ते पाहतात. नाही झाली तर शस्त्रक्रिया आहे. ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा. मणक्याचा मार असलेल्या, हात चालणाऱ्या तरुणांना दिवसातून चार-पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढून टाकायला शिकवता येतं. जॅक लॅपिडिस या अमेरिकन डॉक्टरांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. नळी निर्जंतुक नसली, नुसती स्वच्छ असली तरी चालतं, पण मूत्राशय वेळेवर रिकामं होणं महत्त्वाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. आत कायमची नळीच नसेल तर तिच्यावर कवच बसायचा प्रश्नही उरत नाही. हाताने जमत नसेल आणि मूत्रमार्गाला जखमा होत असतील, तर बेंबीखालून पोटातून नळी टाकतात. तीही तुंबते, पण बदलायला सोपी आणि कपड्यात कमी अडकते.

नर्सला किंवा उपकेंद्रातल्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) फोन कराल तेव्हा हे हाताशी ठेवा: नळीचा नंबर आणि रंग, लॅटेक्स की सिलिकॉन, टाकल्याची तारीख, याआधीच्या दोन कितव्या दिवशी तुंबल्या, काढलेली नळी करकरत होती का, पिशवीत सकाळपासून किती उतरलं, शौच कधी झालं, आणि ताप. ताप थर्मामीटरने मोजून सांगा. "अंग गरम लागते" एवढ्यावर मे महिन्यात काही ठरवता येत नाही.